सासूबाईंना मिळालेला जाहीर पाठिंबा

माझ्या सासूबाईंना जन्मात कुणी पाठिंबा दिला नव्हता. सासरे होते तेव्हा ते वर्तमानपत्राच्या आडून "बघ बाई, तुला जमेल तसं कर" एवढं म्हणायचे, तोच काय तो पाठिंबा. त्यामुळे डोंगरातल्या बंदूकवाल्या संघटनेने त्यांना जाहीर पाठिंबा दिला, तेव्हा कुणीतरी चेष्टा करतंय असंच त्यांना आधी वाटलं.

सासूबाई सरकारी रुग्णालयाच्या लाँड्रीत मुकादम. मीही तिथेच. लग्न ठरलं तेव्हा घरी सासू आणि कामावर दुसरं कुणीतरी, असा माझा हिशेब होता. तो पहिल्याच महिन्यात चुकला. घरी भाजी चिरताना ज्या बाई माझ्या चुका काढायच्या त्याच कामावर चादरी मोजताना काढू लागल्या. पण कामात त्यांच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही आणि आता म्हणायची लाज वाटते, म्हणून इथे म्हणते.

आमची लाँड्री इमारतीच्या मागे, जनरेटरच्या भिंतीला लागून. एका दाराने मळलेले कपडे येतात, दुसऱ्या दाराने घड्या जातात. मध्ये धुलाईची यंत्रं, पिळायचा डबा, इस्त्रीचा गरम रोलर आणि एका कोपऱ्यात बॉयलर. सगळं त्या बॉयलरच्या वाफेवर. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं. सासूबाईंच्या समोरचं टोक वर्षानुवर्षं आमच्यातल्या एका जुन्या बाईकडे, चष्मेवालीकडे. दोघींचं एका गोष्टीवर एकमत नाही. पण चादर हातात आली की दोघी न बोलता पुढे येत, मागे जात. बघणाऱ्याला वाटावं, सख्ख्या बहिणी आहेत.

सासूबाईंचा एक नियम होता. ऑपरेशनचे हिरवे कपडे आधी. रक्त वाळलं की डाग बसतो, आणि ते कपडे कमी पडले तर कुणाचं तरी ऑपरेशन पुढे जातं. बाकी जग बुडालं तरी हिरवं मळकं ठेवून घरी जायचं नाही. पुढचं सगळं रामायण या हिरव्यावरूनच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बॉयलर आमच्या सगळ्यांपेक्षा म्हातारा. त्याची झडप सुस्कारे टाकायची. मिस्त्री यायचा, ठिगळ लावायचा, "एवढं वर्ष काढा" म्हणायचा. असं म्हणत म्हणत किती वर्षं काढली कोण जाणे. मग एक दिवस वाफेचा नळ फुटला आणि स्टार्चवालीचा हात कोपरापर्यंत भाजला. स्टार्चवाली म्हणजे कपड्यांना खळ देणारी आमची बाई, डोंगराच्या पायथ्याच्या गावची, तोंडातून शब्द न काढणारी. तिला आमच्याच रुग्णालयात दाखल केलं. तिच्या खाटेवर अंथरायची चादर सासूबाईंनी स्वतः निवडून काढली आणि परत येऊन सांगितलं, "आता बस. नवा बॉयलर येईपर्यंत अंगणात बसायचं."

आम्ही बसलो. कपड्यांच्या टोपल्या पालथ्या घालून त्यावर बसलो. घोषणा नाहीत, फलक नाही, कुणी भाषण केलं नाही. आणि बसलो म्हणजे काय, तर हिरवं तिथेही सुटलं नाही. अंगणातच ढीग घालून निवडायचं आणि मागच्या हौदावर हाताने धुवायचं. चष्मेवाली म्हणाली, "हा कसला संप? काम करत करत संप?" सासूबाई म्हणाल्या, "संप बॉयलरशी आहे, पेशंटशी नाही."

रुग्णालयाचे मोठे साहेब माणूस वाईट नाहीत. स्वतः सर्जन. शुक्रवारी ते आले, एका टोपलीवर बसले, स्टार्चवालीच्या हाताबद्दल बोलले आणि म्हणाले, "मुकादम, तुमचं म्हणणं बरोबर आहे. कागद वर गेलाय. सोमवारी सही होऊन येईल." सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं. संध्याकाळी घरी येताना त्या चक्क गुणगुणत होत्या, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मध्येच गावातल्या एका पेपरचा फोटोग्राफर येऊन फोटो काढून गेला. पालथ्या टोपल्यांवर आम्ही, शेजारी हिरव्या कपड्यांचा ढीग. खाली दोन ओळी. तेवढंच. त्या दिवशी मला माझं नाक फार मोठं आलंय याचंच वाईट वाटलं होतं.

सोमवारच्या आदल्या दिवशी माझा नवरा घरी आला तो फोन पुढे धरूनच. तो बस चालवतो. बसमध्ये सगळे तेच वाचत होते म्हणे.

"आई, तू काय करून बसलीस?"

"भात लावलाय," सासूबाई म्हणाल्या.

त्याने वाचून दाखवलं. संघटनेचं पत्रक होतं. लांबलचक. सुरुवातीला समुद्रापारच्या एका भाऊ-संघटनेला तिच्या वर्धापनदिनाच्या शुभेच्छा. मग कुठल्याशा बेटावरच्या कोळ्यांना पाठिंबा, कुठल्याशा देशातल्या कैद्यांना पाठिंबा, खाणकामगारांना पाठिंबा. आणि मग आमचा नंबर. "शत्रूच्या सैनिकांचे गणवेश धुण्यास ठाम नकार देणाऱ्या लाँड्रीतील शूर भगिनींच्या खांद्याला खांदा लावून आम्ही उभे आहोत. त्यांच्या केसालाही धक्का लागल्यास प्रशासनाला किंमत मोजावी लागेल."

कुकरची शिट्टी झाली तेव्हा मीच दचकले.

"कसले गणवेश?" सासूबाई म्हणाल्या.

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. त्या शहाण्यांनी पेपरातला फोटो पाहिला होता. हिरव्या कपड्यांचा ढीग पाहिला आणि ते सैन्याचे कपडे ठरवून मोकळे झाले. सैनिकांचं रुग्णालय वेगळं, त्यांची लाँड्री वेगळी. लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या असतील आम्ही जन्मभर, पण लष्कराचा एक रुमालसुद्धा कधी धुतला नाही. आणि नकार? जे कपडे आम्ही संपातही हाताने धुत होतो, नेमके तेच धुवायला आम्ही नकार दिला म्हणे. एक फोन करून विचारायचं होतं. पण विचारून पाठिंबा द्यायचा असतो हे यांना कोण शिकवणार.

"खांद्याला खांदा," सासूबाई म्हणाल्या. "माझा उजवा दुखतो. डाव्याला लावा म्हणावं." आणि भात बघायला गेल्या. त्या वेळी त्यांनाही वाटलं होतं, दोन दिवसांत लोक विसरतील.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मीही बरोबर गेले. साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"साहेब, ते ऑपरेशनचे कपडे होते," सासूबाई बसायच्या आधीच म्हणाल्या.

"मला माहीत आहे. मी रोज तेच घालतो."

"मग झालं तर. सही आली का?"

"मुकादम, जरा समजून घ्या. सही होतच आली होती. पण आता बॉयलर दिला तर काय दिसेल? त्यांच्या धमकीला घाबरून दिला असं दिसेल. वरचे म्हणतात, या वातावरणात नको."

"वातावरणात वाफ गळतेय, साहेब."

साहेबांनी मान खाली घातली. माझं डोकं असं तापलं की तिथे रोलर चालला असता. शुक्रवारी जी मागणी बरोबर होती ती सोमवारी धोक्याची झाली. मागणी तीच, बॉयलर तोच, भाजलेला हात तोच. बदललं काय, तर डोंगरातल्या कुणीतरी "आम्ही तुमच्याबरोबर आहोत" असं लिहिलं. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात ना, तशी आमची गत. आमची तर भीकही गेली आणि कुत्राही दारात बसला.

मी तेव्हापासून असली पत्रकं लक्ष देऊन वाचते. पूर्वी कधी वाचली नव्हती. त्या मोसमात त्या संघटनेची माणसं कुठल्याशा चकमकीत मारली गेली होती आणि बरेच दिवस त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. अशा वेळी बंदूक चालवण्यापेक्षा पत्रक काढणं स्वस्त पडतं. कुठे कुणाला दुखतंय ते शोधायचं आणि त्या दुखण्यावर आपलं नाव लावायचं. दूरदेशच्या टोळ्यांनाही कळतं की हे अजून आहेत, बोलतायत, यांच्या मागे कोळी आहेत, कैदी आहेत, धोबिणी आहेत. आम्ही खरंच त्यांच्या मागे आहोत का, हे विचारायला कोण येणार. आयत्या बिळावर नागोबा, तोही फणा काढून.

मग फाटकापाशी साध्या कपड्यातली दोन माणसं उभी राहू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना थांबवून नाव-गाव विचारायची, आणि हिरवे कपडे कधीपासून धुवायचं बंद केलं तेही. अंगणातल्या टोपल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. कुणाचा नवरा न्यायला आला, कुणाची तब्येत बिघडली. मी कुणाला दोष देत नाही. पण ज्या बायका बॉयलरच्या भीतीने एकत्र आल्या होत्या, त्या पाठिंब्याच्या भीतीने पांगल्या. मिस्त्रीने फुटलेल्या नळाला ठिगळ लावलं आणि सासूबाई पुन्हा कामावर गेल्या, कारण चादरी थांबत नाहीत.

चष्मेवाली येऊन म्हणाली, "माझा जावई सरकारी छापखान्यात आहे. मी आता दुसऱ्या पाळीत येणार. राग मानू नकोस."

"मानते," सासूबाई म्हणाल्या. "पण जा."

त्या दिवसापासून समोरचं टोक माझ्याकडे आलं. मी ताणते तेव्हा त्या सैल सोडतात, मी पुढे जाते तेव्हा त्या थांबतात. "तू चादर घडी करतेस की तंबू गुंडाळतेस?" हे मी रोज ऐकलं. त्यात थट्टा कमी आणि चष्मेवालीची आठवण जास्त होती.

सासूबाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्या पेपरच्या कचेरीत गेल्या. वार्ताहर तरुण होता, सभ्य होता.

"त्यांचं छापलंत ना? आता माझं छापा. ते कपडे ऑपरेशनचे होते आणि आम्ही ते रोज धुतो."

"म्हणजे तुम्ही संघटनेचा निषेध करताय?"

"मी कपड्यांबद्दल बोलतेय."

"मावशी, पाठिंबा किंवा निषेध, यातलं काहीतरी द्या. नुसत्या कपड्यांची बातमी होत नाही."

तिथून त्या न्हाव्याकडे गेल्या. चौकातल्या न्हाव्याचा मेहुणा डोंगरात आहे हे सगळ्या गावाला माहीत आणि न्हावी सोडून सगळे ते बोलतात. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना सासूबाई खुर्चीत जाऊन बसल्या. न्हाव्याने सवयीने गळ्याभोवती कापड गुंडाळलं.

"निरोप पोचव," त्या आरशात बघून म्हणाल्या. "म्हणावं, पाठिंबा परत घ्या."

न्हावी घाबरला. "बाई, माझा काही संबंध नाही हो."

"नसू दे. ज्याचा असेल त्याला सांग."

आणि निरोप पोचला, कारण आठवड्याभरात दुसरं पत्रक आलं. पाठिंबा परत घेतला नव्हता. पाठिंबा मागे घ्यायची त्यांच्याकडे रीतच नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. उलट वाढवला होता. "प्रशासनाच्या दडपणाखाली असूनही न झुकणारी पोलादी माता" असं सासूबाईंचं वर्णन होतं. माझ्या नवऱ्याने ते वाचलं आणि ताट पुढे करून म्हणाला, "पोलादी माता, जरा आमटी वाढ." घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

हे थोडं होतं म्हणून मूळ संघटनेतून फुटलेल्या दुसऱ्या संघटनेलाही कंठ फुटला. पहिल्यांचा पाठिंबा दिखाऊ, खरा पाठिंबा आमचाच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तर रुग्णालयाला मुदतच दिली. सासूबाई म्हणाल्या, "एकाच नवरीला दोन वऱ्हाडं आली. आणि नवरीला लग्नच करायचं नाही." साहेबांच्या दारापुढे आता पोलीस बसला.

साहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. दोन्ही संघटनांचा तीव्र शब्दांत निषेध, खाली सासूबाईंचं नाव.

"यावर सही करा, मुकादम. मग मी स्वतः वर जाऊन बॉयलर घेऊन येतो. शब्द देतो."

सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद वाचला. "साहेब, स्टार्चवालीचं घर त्यांच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. तिची आई तिथे राहते. माझी ही सही उद्या तिच्या दारात पोचेल. मला पोलादी म्हणणारे मग तिला काय म्हणतील?"

"मी तुमची अडचण समजू शकतो."

"समजायला सगळे समजतात," त्या म्हणाल्या आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "ज्याला बघावं त्याला माझ्याकडून कागद हवाय. डोंगरवाल्यांना हवा, पेपरवाल्याला हवा, तुम्हाला हवा. मला एक लोखंडी पिंप हवंय."

परतताना मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, "करायची होती सही. बॉयलर तरी आला असता." लाँड्रीत आल्यावर त्यांनी बॉयलरजवळ दुसऱ्या कुणालाही जायला बंदी केली. झडप त्याच बघणार, दाब त्याच बघणार. मी म्हटलं, मीही थांबते. तर म्हणाल्या, "तुला चादर ताणता येत नाही, बॉयलर काय सांभाळणार? बाहेर जा."

दुपारची वेळ होती. मी अंगणात टोपली रिकामी करत होते. आतून सासूबाईंचा आवाज आला, "सगळ्या बाहेर." ओरडून नाही, भात करपतोय सांगावं तसा. रोलरवरच्या दोघी बाहेर आल्या. मग झडपेचा सुस्कारा थांबला. तो थांबल्याचंच मला आधी कळलं. आणि मग भिंत हादरली.

त्या वाचल्या. दाब सोडण्याच्या चाकाला त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, म्हणून भिंत पडली नाही आणि शेजारचा जनरेटर पेटला नाही, असं नंतर मिस्त्री म्हणाला. तो नंतर बरंच काही म्हणाला. हातांचं मात्र व्हायचं ते झालं.

ऑपरेशनच्या खोलीपर्यंत मी त्यांच्या गाडीबरोबर चालत गेले. दारात मोठे साहेब तयार होऊन उभे होते, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत हिरव्यात. आदल्याच दिवशी आम्ही धुतलेलं हिरवं. सासूबाईंनी डोळे उघडले, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्हीपण सैन्यात?"

मास्क होता म्हणून साहेबांचा चेहरा मला दिसला नाही. मला तो बघायचाही नव्हता.

नवा बॉयलर आला. गाजावाजा न करता, मागच्या फाटकातून. रुग्णालयाने जाहीर केलं की हा निर्णय स्वयंप्रेरणेने घेतलेला आहे. पहिल्या संघटनेने जाहीर केलं की हा त्यांच्या पाठिंब्याचा विजय. दुसरीने जाहीर केलं की मुदत त्यांनी दिली होती, म्हणून विजय त्यांचा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढपी तीन-तीन. दोन हात कुणाचे गेले हे कुणाच्याच कागदात नव्हतं. नाही, चुकले. पहिल्यांच्या पत्रकात होतं. शेवटी शेवटी, एका दूरच्या देशातल्या मित्र-संघटनेचं तिच्या नव्या सेनापतीबद्दल अभिनंदन केल्यावर.

ते पत्रक आम्ही वॉर्डात ऐकलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या रेडिओवर. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्यांत. "या वीर मातेच्या पाठीशी आम्ही सदैव उभे आहोत," निवेदक वाचत होता. सासूबाईंनी मान वळवून उशीच्या मागे पाहिलं. मागे भिंत होती. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं.

त्याच वेळी आया चादर बदलायला आली. आमच्याच लाँड्रीतली चादर, माझ्या हातची घडी, कडा एकात एक न बसलेली. आयाने ती झटकली. सासूबाई म्हणाल्या, "थांब. वेडीवाकडी घडी आहे ती. सरळ करून घाल."

मी चादर उलगडली आणि एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला त्यांनी सवयीने हात पुढे केले. पट्ट्यांचे ते दोन गोळे चादरीला लागले आणि कापड निसटून खाली पडलं. त्यांनी परत हात पुढे केले. परत पडलं.

रेडिओवर अजून ते चाललंच होतं. सासूबाई माझ्यावर जशा चिडतात अगदी तशा चिडून त्या रेडिओकडे बघून म्हणाल्या, "इतके पाठीशी आहात ना? मग या. हे टोक धरा."

मी खाली वाकून चादर उचलली. मान वर केली तर दारात चष्मेवाली उभी होती, दुसऱ्या पाळीला जायच्या वेळेला, फाटकावरच्या त्या दोन माणसांसमोरून आलेली. ती आत आली, पिशवी खाटेखाली सरकवली आणि तिने माझ्या समोरचं टोक धरलं.

"ताण," सासूबाई म्हणाल्या. "दोघी नीट ताणा."